मावसभावांची परदेशवारी : साथीच्या काळासाठी मार्गदर्शिका

प्रास्ताविक

सत्यनारायणाच्या पूजेपासून बचत गटाच्या हिशेबापर्यंत सगळ्याची पुस्तिका बाजारात मिळते. मात्र जगभर साथ चालू असताना, साठी उलटलेल्या एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाबरोबर परदेशी सहलीला कसे जावे, या विषयावर मराठीत एकही पुस्तिका नाही. पुढची साथ येईल तेव्हा कोणाची गैरसोय होऊ नये म्हणून हा प्रपंच. लेखक कळंबोलीत सिडकोच्या केएल टाईप घरात राहतो आणि लोखंड बाजारात तीस वर्षं हिशेब लिहून निवृत्त झाला आहे. त्यामुळे मजकूर कोरडा वाटल्यास क्षमस्व. लोखंडाची सवय आहे.

१. पात्रता

प्रवासी साठीच्या अलीकडे-पलीकडे असावा. तरुणांना ही मार्गदर्शिका लागू नाही. ते माणूस आणि हॉटेल दोन्ही मोबाइलवर शोधतात. प्रवाशाला जोडीदार असावा आणि तो कागदोपत्री जोडीदार नसावा.

आमच्या घरात ही अट पूर्ण होते. फ्लॅट माझ्या नावावर आहे. हे १९९४ च्या गणपतीत पाहुणे म्हणून आले, ते अजून गेलेले नाहीत. सोसायटीच्या लेखी आम्ही मावसभाऊ. मावशी नेमकी कोणाची, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आमची दोघांची उत्तरं जुळली नसती.

‘हे’ या शब्दाबाबत खुलासा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मीही घेत नाही. त्यांची ती रीत होती, माझी ती खबरदारी. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, हीच त्यातली सोय. हे शाळेत मराठीचे मास्तर होते. नोकरी संपली, खिशातलं लाल पेन संपलं नाही. लग्नपत्रिका असो वा पाणी बंदची नोटीस, चुकलेल्या वेलांटीला गोल केल्याशिवाय यांचा जिना चढून होत नाही.

२. साहित्य

पासपोर्ट दोन. लसीची प्रमाणपत्रं दोन, कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडून घेतलेली. विमा. मास्क, सॅनिटायझर. रक्तदाबाच्या गोळ्या (दोघांच्या वेगवेगळ्या डब्यांत, एकदा अदलाबदल झाली होती). मेतकूट. लाल पेन. आणि दोघांनी मिळून पाठ केलेलं एक खोटं. ते लहान असावं, कारण थकव्यात लांब खोटं आठवत नाही.

लसीबाबत थोडं सविस्तर. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली, तेव्हा वय वाढल्याचा पहिल्यांदा काही फायदा झाला. रांगेतल्या ताईंनी विचारलं, “दोघं एकत्र का काका?” आम्ही एकसुरात म्हणालो, “मावसभाऊ.” पंचवीस वर्षांत इतकं एकसुरात आम्ही आरतीसुद्धा म्हटली नव्हती.

३. देशाची निवड

हे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. यात भूगोलापेक्षा दंडसंहिता जास्त आहे.

२०२० च्या पावसाळ्यात जग बंद होतं. एक्स्प्रेस वे आमच्या कळंबोलीतूनच सुरू होतो, पण त्यावरून तासाभरावरच्या लोणावळ्याला जायचं तर जिल्हा ओलांडायचा म्हणून ई-पास. खांदेश्वरहून लोकलने सीएसएमटी? ती आमच्यासारख्या बिनकामाच्या माणसांना बंद. पुढे १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोसवाल्यांना उघडली. अशा वेळी पर्यटकांसाठी पायघड्या घातल्या त्या दुबईने, ७ जुलै २०२० ला, आणि मालदीवने, १५ जुलैला. पुढे सगळं बॉलिवूड मालदीवच्या पाण्यात पाय सोडून बसलेलं आपण फोटोंत पाहिलंच.

आता गंमत पाहा. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं. म्हणजे ज्या देशात आम्ही गुन्हेगार नव्हतो तिथे लोणावळ्याला जाता येत नव्हतं. आणि जे दोन देश या म्हणत होते, त्या दोन्हींच्या कायद्यात आम्ही गुन्हेगार. हे म्हणाले, “आपल्याला बोलावतात, पण आत टाकायला.” श्रीलंका जानेवारी २०२१ मध्ये उघडली, तिथेही इंग्रजांनी ठेवलेलं ३६५ हे कलम शिल्लक. विलायतेत आता आमच्यासारख्यांची लग्नं होतात, पण तिने २३ एप्रिल २०२१ पासून भारताला लाल यादीत टाकलं. लाल शाईचा एवढा सढळ वापर यांनाही पटला नाही.

राहता राहिलं थायलंड. जुलै २०२१ मध्ये त्यांनी फुकेत बेट वाळूच्या खेळासारखं आखून ‘सँडबॉक्स’ म्हणून उघडलं. मग ‘टेस्ट अँड गो’ आलं, ओमिक्रॉनने बंद पडलं, १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा सुरू झालं. २७ मार्च २०२२ ला आपल्याकडची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं दोन वर्षांनी उडाली आणि एप्रिलमध्ये आम्ही.

नियम : जो देश तुम्हाला घेतो आणि तुरुंगातही टाकत नाही, तो निवडावा. समुद्राचा रंग नंतर पाहावा.

४. शेजाऱ्यांना काय सांगावे

खरं ठिकाण सांगावे, खरं कारण सांगू नये. बँकॉक म्हटल्यावर सोसायटीतले एक गृहस्थ डोळा बारीक करून म्हणाले, “काय काका, या वयात मसाज?” त्यांच्या मनात जे पाप होतं ते आम्हाला आयुष्यात जमलेलं नाही. पण खंडन करू नये. लोकांचा संशय चुकीच्या पापावर बसला असेल, तर तो तिथेच बसू द्यावा. उठवलेला संशय दुसरी जागा शोधतो.

बायकांना मात्र बुद्धाची देवळं सांगावीत. येताना चिंचेच्या गोड गोळ्या आणाव्यात. आंबट चेहऱ्यांवर उपयोगी पडतात.

५. अर्ज भरणे

साथीच्या काळात प्रत्येक सरकारला एकच कुतूहल होतं : कुठून आलात, कुठे राहणार, कोणाबरोबर, त्याचं तुमचं नातं काय. शेजारीपाजारी याने हैराण झाले. आम्ही झालो नाही. हे चार प्रश्न आम्हाला प्रत्येक लग्नात, बारशात आणि घरमालकाकडे विचारले गेले होते. यावेळी फक्त ते ऑनलाइन होते आणि शेवटी ‘सबमिट’चं बटण होतं.

खरी परीक्षा विम्यात. साठीनंतर हप्ता असा वाढतो की कंपनीला आपण वाटेतच जाणार याची खात्री असावी. पुढचा रकाना : वारस आणि त्याचं नातं. खाली यादी उघडते. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. मावसभाऊ नाही. इतका जुना, कसलेला मावसभाऊ, आणि यादीत जागा नाही! सर्वांत तळाशी ‘इतर’. ‘इतर’ निवडावे. आमच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच रकान्यात गेला आहे, तिथे वस्ती चांगली आहे.

(ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. हे वाचून हे म्हणाले, “आडकाठी नव्हती तर तीस वर्षं आडवं काय येत होतं?”)

६. रिपोर्टची वाट कशी पाहावी

या विषयात आमच्या पिढीने शिकवणी घ्यावी. आरटीपीसीआरचा निकाल येईपर्यंत तरुण मुलं खोलीत येरझाऱ्या घालताना पाहिली तेव्हा हसू आलं, मग आलं नाही.

नव्वदच्या दशकात आम्हीही एका रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायचो. तेव्हा तो मोबाइलवर येत नसे. जाऊन आणावा लागे, आणि खिडकीतला माणूस पाकीट देताना चेहरा वाचायचा. आमच्यासारख्यांचं नियतकालिक ‘बॉम्बे दोस्त’ १९९० मध्ये निघालं, आमच्यासारख्यांसाठीच हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये उभा राहिला, म्हणून काहींना निदान सोबत मिळाली. आमच्या एका मित्राला मिळाली नाही. त्याच्या घरच्यांनी टायफॉइड सांगितला. आम्ही दोघं तेराव्याला ऑफिसातले सहकारी म्हणून जेवून आलो.

कृती : निकालाच्या दिवशी काहीतरी निवडायला घ्यावे. मेथी, तांदूळ, जुने फोटो. हात रिकामे ठेवू नयेत.

७. हॉटेलातील वास्तव्य

एप्रिल २०२२ चा नियम असा होता : विमानतळावरून थेट ठरलेल्या हॉटेलात, तिथे तपासणी, आणि निकाल येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

हा नियम आम्ही तीनदा वाचला. दोन पुरुषांनी एका खोलीत, दार लावून, रात्रभर राहावं आणि बाहेर पडल्यास कारवाई होईल, असं एका सार्वभौम देशाचं सरकार आम्हाला बजावत होतं. अशा शिक्षेसाठी आम्ही तारुण्यात काय दिलं नसतं!

शिक्षा भोगताना काय केलं, अशी उत्सुकता असल्यास : हे विमानातल्या मास्कने कान दुखतात म्हणून घोरत पडले. मी मेतकूट-भात कालवला. कोणीतरी नखशिखान्त प्लास्टिकमध्ये येऊन ताट दाराबाहेर ठेवून गेलं होतं, त्यातलाच भात. खोलीत पलंग एकच होता, मोठा. बुकिंग करतानाही कोणी नातं विचारलं नाही, आणि चावी देताना पोरीने फक्त “ऑक्सिजन किती?” विचारलं.

८. तेथे काय पाहावे

नदी पाहावी, देवळं पाहावीत. सिलोमची, आमच्यासारख्यांच्या बारांची गल्ली पाहावी. तिथले बार तेव्हा हॉटेल म्हणूनच चालत आणि अकराला दिवे मालवत. तरुण गिऱ्हाईकं हळहळत होती. आमचं दहालाच झोपायचं ठरलेलं, त्यामुळे निर्बंध आमच्या सोयीसाठीच काढले असावेत.

मात्र मुख्य प्रेक्षणीय स्थळ म्हणजे रस्ता ओलांडणे. तिथे यांनी माझा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. कळंबोली सर्कलला ट्रेलरमधून वाट काढताना हे माझी बाही धरतात, हात नव्हे. बाही नात्यात बसते. बँकॉकला पन्नास पावलं गेल्यावर मलाच अवघडलं. कोणी पाहत नव्हतं, त्याचा सराव नव्हता. शंभराव्या पावलाला जमलं. परदेशप्रवासाचा एकूण खर्च भागिले ही पावलं, असा हिशेब मी वहीत मांडला आहे. भाव लोखंडापेक्षा बराच जास्त पडला, पण व्यवहार तोट्याचा नाही.

त्याच देशात २३ जानेवारी २०२५ पासून आमच्यासारख्यांची लग्नं कायद्याने लागू लागली. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे काम संसदेचं म्हटलं. आम्हाला घाई नाही. फक्त गुडघ्यांना आहे.

९. परतल्यावर

हे प्रकरण आमच्या आधीच्या सहलीतून घेतलं आहे, कारण परतण्याची खरी शोभा मार्च २०२० मध्ये होती. तेव्हाही आम्ही बँकॉकहूनच येत होतो. सहारला उतरल्यावर दोघांच्या डाव्या हाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईचा शिक्का बसला. मुंबईकरांचं रक्षण करण्याचा अभिमान वाटतो, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, खाली तारीख. कळंबोलीत राहून मुंबईकर म्हणवून घेण्याची आमची जुनी इच्छा अशी निम्मी पुरी झाली. निदान रक्षक तरी झालो. त्याच आठवड्यात असे शिक्के पाहून चार प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवलं होतं, म्हणून टॅक्सीत आम्ही हात खिशात ठेवले. दोघांच्या हातांवर एकच तारीख. अंगठ्या आम्ही कधी घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या ताई आल्या. दारात दोन हात लांब उभ्या, गळ्यात पाटी, हातात कागदांचा गठ्ठा, उन्हाने घामाघूम.

“काका, घरात माणसं किती?”

“दोन.”

“फॅमिली ना?”

मी ‘मावसभाऊ’ म्हणायला तोंड उघडलं. त्यांना अजून अकरा इमारती करायच्या होत्या. त्यांनी लिहून टाकलं, कागद दारावर चिकटवला आणि जिना उतरल्या.

चौदा दिवस तो कागद सगळ्या मजल्याने वाचला. लोक आमच्या दारासमोरून श्वास रोखून जात. अशा कागदांनी किती घरांना वाळीत टाकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने घरांबाहेर असे फलक सरसकट लावायचे नाहीत असं बजावलं, ते योग्यच झालं. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की रेशनकार्डापुरते तरी समलिंगी जोडीदार एकाच घरातले धरावेत. आमचं रेशनकार्ड अजून माझ्या एकट्याचं आहे.

शेवटची सूचना : पंधराव्या दिवशी कागद ओढून काढू नये, फाटतो. कडेने कोमट पाणी लावावे आणि सावकाश सोडवावे. आमचा अख्खा निघाला. आता तो कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. ‘विलगिकरण’मधल्या ह्रस्व ‘गि’ला लाल गोल आहे, वर दीर्घ ‘गी’ काढून दाखवली आहे. त्याखाली छापलेली ओळ : कुटुंबातील एकूण व्यक्ती. पुढे ताईंच्या अक्षरात २. त्या आकड्याशेजारी, लाल शाईत, बरोबरची खूण.