आम्ही तपासनीस

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगतं. पाळण्याची सोय उत्तमच आहे; अडचण पाळण्यातून उतरून 82 वर्षं झाल्यावर येते. आमच्या आत्याची आली. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत बॉल बसवला आणि तिला घरी आणल्यावर उचलून कमोडवर बसवायच्या पहिल्याच प्रयत्नात माझी कंबर अशी काही धरली, की शेवटी आत्यानंच मला बाम लावला.

तेव्हा ठरलं, ती चालायला लागेपर्यंत तिला शुश्रूषेची सोय असलेल्या एखाद्या वृद्धाश्रमात ठेवावं. तिला मूलबाळ नाही. कादराबादेतल्या तिच्या दोन खोल्या मृत्युपत्रात माझ्या नावावर आहेत आणि 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निपुत्रिक माणसाचा सांभाळ त्याच्या इस्टेटीच्या वारसावर टाकतो. हे मला आत्यानंच सांगितलं. सगळी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यामुळे ती कायदासुद्धा छडी हातात असल्यासारखा सांगते. त्याच कायद्याच्या 19 व्या कलमात, दर जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्ध राहू शकतील असा एक तरी वृद्धाश्रम सरकारनं काढावा असं म्हटलंय. "मग तू मला निराधारात धरू लागला का?" असं तिनं विचारलं. मी चहा टाकायला उठलो.

आता ठिकाण पारखायचं कसं? बियाणं असतं तर प्रश्न नव्हता. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यात जालनेकराला कुणी शिकवायला जात नाही. पिशवीवर उगवणीची टक्केवारी छापलेली असते, ती वाचायची आणि पिशवी उचलायची. म्हाताऱ्या माणसाच्या सेवेवर असं लेबल कुणी लावत नाही. म्हणून मी न्यू जर्सीतल्या पुतणीला फोन केला. तिकडे म्हणे 2008 पासून सरकारच प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, माणसांमागे नर्सा किती, पडून मोडले किती, पडून राहून पाठीला जखमा किती जणांना झाल्या, सगळं मोजून. शिवाय दोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 मध्येच लिहून ठेवलंय, की दर्जा तीन ठिकाणी बघावा: साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि शेवटी माणसाचं काय झालं. पुतणीनं भलीमोठी यादी पाठवली. मी ती छापून पॅडला लावली, खिशाला लाल पेन अडकवलं आणि मेहुण्याच्या लग्नात शिवलेला सफारी चढवला.

तो सफारी नडला.

भर मे महिन्यात, आत्याला व्हीलचेअरसकट शेजाऱ्यांच्या ओम्नीत घालून गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात पोहोचलो, तर माझं पॅड, पेन आणि पोट बघून मॅनेजर धावत आले आणि "साहेब, कळवलं असतं तर..." म्हणत खुर्ची पुसायला लागले. समाजकल्याण खात्याचा माणूस समजले असावेत. मी त्यांचा गैरसमज दूर करणारच होतो, पण तेवढ्यात मोसंबीचा रस आला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. असा रस अर्धवट सोडून खुलासे करणं जिल्ह्याचा अपमान झाला असता. मी रसाला एक तारा दिला.

मग आम्ही फिरलो. माझ्या पुढे फिनेल धावत होतं आणि फिनेलपुढे चादरी. यादीत 'वास घ्या' असं होतं म्हणून मी प्रत्येक खोलीच्या दारात थांबून नाकानं जोरात श्वास घ्यायचो, तर मागून एक सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर्दी झालीय का साहेबांना?" बेल दाबून बघितली. चार जण धावत आले. मी पाच तारे देऊन टाकले. कोपऱ्यातल्या पलंगावरचे एक आजोबा तेवढे म्हणाले, "साहेब, रोज येत जा. चादर आज बदलली." मी हे त्यांचं प्रेम समजलो आणि हात जोडले.

पुढे एअर बेड होता. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यात आळीपाळीनं हवा भरते नि उतरते. पण नुसत्या हवेवर भागत नाही, दर दोन तासांनी माणसाची कूसही बदलावी लागते. त्या पलंगावरच्या आजी सकाळीच दवाखान्यात गेल्या होत्या. गादी चालते का हे हात लावूनही कळलं असतं, पण मी मनापासून काम करणारा माणूस, पॅड बाजूला ठेवून आडवा झालो, वर पंखा, पोटात मोसंबी, खालून हवेचं ते हलकं हलकं हेलकावणं...

जाग आली ती आत्याच्या आवाजानं. सव्वाचार वाजले होते. तिची व्हीलचेअर पलंगाला टेकली होती आणि पायथ्याचा तक्ता तिच्या मांडीवर होता. "बाळू, दोनला तुला डाव्या कुशीवर केलं म्हणून लिहिलंय. चारला उजव्या. खाली सही हाय." मी उताणाच होतो. खिशातलं पेनसुद्धा जागचं हललं नव्हतं. आत्यानं चष्मा सावरला. "आन् सहाची पण बदलून ठेवलीय."

मी पाळण्यात असताना ती व्हरांड्यात बायकांच्या घोळक्यात बसून शेंगा सोलत होती. रात्री दोनच मावश्या असतात, कडेच्या दोन खोल्यांच्या बेला वाजतच नाहीत, न्हाणीची फरशी दिवसभर ओली असते, वरणात मीठ नसतं, आणि त्या दोन मावश्यांपैकी एक मोबाइल बघते तर दुसरी नुसतं कण्हलं तरी उठून येते, हे सगळं तिला कळलं होतं. त्या दुसरीचा पगार थकलाय हेसुद्धा. दोनाबेदियनचे तिन्ही खण तिनं शेंगांच्या टोपलीत भरून आणले होते. माझ्या पॅडवर एकूण सहा तारे होते, त्यातला एक रसाचा.

"इथं राहायचं नाही," आत्या ओम्नीत म्हणाली. "त्या मावशीला आपल्याकडं यायला सांगितलंय. रात्रपाळी. पगार तू द्यायचास, दर एक तारखेला."

आत्या आता वॉकर घेऊन चालते. माझी कंबर अजून धरते, पण ती त्या एअर बेडमुळे, असं माझं मत आहे. घरात ते कुणी विचारात घेत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर न कळवता जा, रात्री नऊनंतर जा, कडेच्या खोलीतली बेल दाबा आणि तक्ता वाचताना घड्याळ बघा. आत राहणाऱ्यांशी बोला, मॅनेजर नसताना. तक्रार करायची असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे. आणि सोबत कुणी हवंच असेल तर आमच्या आत्याला विचारा. मला नेऊ नका.