गिअरनिष्ठ काकांना खुलं पत्र



आम्ही छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतोय ही बातमी आमच्या आधी तुमच्याकडे पोचली, आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंत भेटेल त्याला तुम्ही निकाल सांगून मोकळे झालात : ‘गिअर टाकायचा नाही, ती गाडी कसली? बायकांची गाडी!’ हे पत्र खुलं लिहितेय ते एवढ्यासाठी, की तुमचं मतसुद्धा आजवर कधी बंद पाकिटातून आलेलं नाही.

आधीच सांगते, तुमचं म्हणणं मला मनापासून पटलंय. गाडी चालवणं ही साधना आहे आणि साधनेत देह झिजायचाच. संध्याकाळी कर्वे रस्त्यानं नळ स्टॉपकडे जाताना ही साधना जवळून बघायला मिळते. क्लच दाबायचा, पहिला टाकायचा, पाय तसूभर उचलून हाफ क्लचवर गाडी दहा फूट पुढे न्यायची. तेवढ्यात पुढची रिक्षा थांबते. पुन्हा क्लच, पुन्हा न्यूट्रल. मागचा हॉर्न बडवतो. पुन्हा पहिला. ‘टॉमटॉम’च्या २०२४च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त लागतात असं निघालं. म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. जगातल्या संथ शहरांत तेव्हा आपला नंबर चौथा होता. या वेगाला चौथा आणि पाचवा गिअर म्हणजे दांड्यावर कोरलेले नुसते आकडे. तरी तुमचा डावा गुडघा नी-कॅप चढवून रोज हजेरी लावतो. याला निष्ठा म्हणतात. आम्हाला ती जमणार नाही, एवढाच आमचा गुन्हा.

पण ‘गिअर नाही’ असं मात्र म्हणू नका. आहेत, पाचच्या पाच आहेत. आम्ही बघतोय त्या गाड्यांत एएमटी असते. तिचा गिअरबॉक्स तुमच्या गाडीतल्यासारखाच आणि क्लच प्लेटही तशीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायांऐवजी यंत्र करतं, आणि ते नेमकं कधी करायचं हे आतला एक छोटा संगणक ठरवतो. जुन्या झेनचं ऑटोमॅटिक मॉडेल निराळं होतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर होता, गिअर तीनच होते, आणि किंमत व पेट्रोल दोन्हीकडून खिशाला चाट बसायची. तुमच्या मनात अजून तीच गाडी आहे. मारुतीनं फेब्रुवारी २०१४मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत सेलेरिओ आणली, ती दोन पेडलांची, आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. मग ऑल्टो के-१० एएमटीत आली, २०१५मध्ये नॅनोसुद्धा आली. क्विडनं तर दांडाच काढून टाकला आणि डॅशबोर्डवर मिक्सरसारखं गोल बटण बसवलं. २०२४मध्ये टाटांनी टिआगोला सीएनजीवरही एएमटी दिली. एवढं सगळं झालं तरी तुम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नाही, त्याबद्दल सर्व कंपन्यांच्या वतीनं मीच क्षमा मागते.

आता ‘बायकांची’ या मुद्द्याकडे येते. सेलेरिओला ही यंत्रणा पुरवली इटलीच्या मॅग्नेटी मारेलीनं. याच कंपनीचे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन फेरारीनं १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये एक गाडी उतरवली, फेरारी ६४०. धावताना गिअर बदलायला क्लच दाबायचा नाही, स्टिअरिंगच्या मागची पाती ओढायची. ब्राझीलमधल्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती घेऊन पहिला आला, आणि पुढे काही वर्षांत बाकीचे संघही त्याच वाटेनं गेले. मॅन्सेलला मिशा होत्या, काका. चांगल्या भरघोस.

शिवाय हे गिअरप्रेम दोन चाकांवर कुठे जातं, ते मला कळत नाही. भाजी आणायला तुम्ही निघता ते अ‍ॅक्टिव्हावर. तिथे कसं कुणी विचारत नाही की ही गाडी कुणाची? आपल्याच पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आली तेव्हा चेतकवाल्यांनी अशीच नाकं मुरडली होती. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू, ही काय स्कूटर? नंतर आकुर्डीच्या बजाजनं पेट्रोलची स्कूटर बनवणंच थांबवलं. २०२०मध्ये चेतक परत आली ती विजेवर, आणि डाव्या मुठीतले गिअर गायब. तेव्हा कुणी मोर्चा काढल्याचं आठवत नाही. एकूण काय, स्कूटरवर सोय आणि मोटारीत मर्दुमकी अशी तुमची सोयीस्कर वाटणी आहे.

‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हे तुमचं दुसरं सुभाषित. मायलेजचे आकडे जिच्या नावानं जाहिरातीत छापतात ती एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. तुम्ही रोज सकाळी तिथेच फिरायला जाता. २०१४च्या सेलेरिओचा अधिकृत आकडा मॅन्युअलला आणि एएमटीला एकच होता, लिटरला २३.१ किलोमीटर. २०२१ला नवी सेलेरिओ आली, तीत तर सर्वांत जास्त आकडा एएमटीच्याच एका मॉडेलचा निघाला, २६.६८. टेकडीवरचं अ‍ॅव्हरेज टेकडीखाली मिळत नाही हे मान्य. पण ते तुमच्याही गाडीला मिळत नाही.

या गाड्यांत खोट नाही असं मी म्हणत नाही. फक्त ती तुम्ही सांगू शकत नाही, कारण तुम्ही एकदाही तिच्यात बसलेला नाहीत. म्हणून मीच सांगते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना यंत्र क्लच सोडवतं, गिअर बदलतं, पुन्हा क्लच जोडतं. तेवढा क्षण इंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोचत नाही. गाडी किंचित अडखळते आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे होतात, जणू सगळे कशाला तरी होकार देताहेत. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय त्या वेळी जरा सैल सोडला की झटका कमी होतो, सवय लागते. ओव्हरटेक करताना पाय दाबला तर यंत्र आधी विचार करतं, मग खालचा गिअर टाकतं, आणि तोवर समोरचा ट्रक जवळ आलेला असतो. घाटात म्हणूनच मॅन्युअल मोड घ्यावा. बहुतेक छोट्या एएमटींना ‘पार्क’ नसतं. इंजिन गिअरमध्ये बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा, तुमच्यासारखाच. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेट जळते. गॅरेजवाला त्यातला वायरींचा भाग बघून हात जोडतो, तेव्हा वॉरंटी लांबवून घेतलेली बरी.

धक्का मारून सुरू होणार नाही, हा तुमचा मुद्दाही मान्य. पण आपल्या सोसायटीत धक्का मारायला आता उरलंय कोण? सगळ्यांच्या कमरेला पट्टा आहे.

तुमच्याहून जास्त राग मला शोरूमचा आला. तुम्ही निदान तोंडावर बोलता. तिथे मी एएमटी म्हटलं तर विक्रेता हसून म्हणाला, ‘लेडीजसाठी बेस्ट, मॅडम,’ आणि मग कागद नवऱ्याकडे सरकवला. कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जाणार आहे, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये एएमटी मिळत नाही. ती हवी तर एक पायरी वर चढा, आणि वर चढलात की सोबत आपोआप टचस्क्रीन आणि दोन रंगांचं छप्पर घ्या. नुसत्या यंत्राचे साधारण पन्नास हजार, पण तिथवर पोचेपर्यंतचं भाडं वेगळंच. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. सरकारनं उघडलेलं हे दार ‘अ‍ॅक्सेसरीज पॅक’ नावाच्या उंदरानं लगेच कुरतडायला घेतलंय. सीट कव्हर नको म्हटलं तर विक्रेत्याला खरंखुरं दुःख झालं.

तर काका, विनंती एवढीच. रविवारी सकाळी आम्हाला पुन्हा टेस्ट ड्राइव्ह आहे, तुम्ही चला. रस्ता तुम्ही ठरवा. लक्ष्मी रोड म्हणालात तरी माझी तयारी आहे. अट एकच, डावा पाय सीटखाली ओढून ठेवायचा. आयुष्यभराच्या सवयीनं तो क्लच शोधायला जातो, हाती लागतो ब्रेक, आणि मग मागच्या सीटवरच्या काकू थेट पुढे येतात. काकूंना मी विचारलंय. त्यांनी लायसन्स काढलं होतं, हे तुम्ही सोसायटीत कधी सांगितलं नाहीत. तेव्हा पहिला राउंड त्याच घेणार आहेत, तुम्ही शेजारी बसा.

आपली,
सी विंगमधली शेजारीण

ता. क. : गाडी आली की बेसमेंटच्या रॅम्पवर माझ्यामागे अगदी चिकटून येत जाऊ नका. आम्ही हिल होल्ड असलेलंच मॉडेल घेणार आहोत, त्यामुळे माझी गाडी मागे येणार नाही. तुमच्यामागे मात्र डी विंगचे डॉक्टर असतात, आणि त्यांनी परवाच नवा बंपर बसवलाय.