बसायचं किती?

अप्पा ध्यानाला बसत नाहीत; पण ध्यानाला किती वेळ बसावं, या विषयात हुबळी-धारवाडात त्यांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही.

अख्खी नोकरी हुबळीला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली. कुठली गाडी आधी सोडायची, कुठली लूप लाइनवर उभी करायची, गेलेली वेळ कुठे भरून काढायची, हे सगळं खुर्चीत बसून ठरवायचं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, ठरवणं सुटलं नाही. धारवाडला सप्तापुरातल्या घरी देवघराशेजारी आसन अंथरलं आणि त्याच्या वर भिंतीला तक्ता लावला: तारीख, आरंभ, समाप्ती, विलंब, विलंबाचं कारण. त्या शेवटच्या रकान्यात ओळीनं नोंदी आहेत. पाहुणे. पाऊस. पाहुणे. तेच पाहुणे.

"अहो, डोळे मिटायला तक्ता कशाला?" काकू म्हणाल्या.

"मिटण्याआधी सेक्शन क्लिअर आहे का, बघायला नको?"

मग सर्व पंथांची छाननी झाली. इगतपुरीच्या विपश्यनेत दहा दिवसांचं शिबिर करून घरी आलं, की सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. महर्षी महेश योगींच्या ध्यानाला वीस-वीस मिनिटं, दोन वेळा. अप्पांना दोन्ही पटेनात. आपली घटिका २४ मिनिटांची. वीस मिनिटं बसलं तर घटिका चार मिनिटांनी अपुरी; तासभर बसलं तर अडीच घटिका, म्हणजे शेवटची अर्ध्यावर तोडायची. असलं अर्धवट काम त्यांना चालत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायावर तर त्यांची लेखी तक्रारच व्हायची बाकी आहे. फार खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. "सगळं बरोबर आहे की रे, पण मिनिटं कुठं दिलीत?"

समर्थ रामदासांपाशी आकडे मिळाले. टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. अप्पांनी चष्मा पुसून भागाकार मांडला. दिवसाला २९,६८० जप. म्हणजे २७५ माळा. एका जपाला दोन सेकंद धरले तरी साडेसोळा तास! अंघोळ, भिक्षा, जेवण, झोप यांना उरले साडेसात. "बसतंय की! नेमकं बसतंय!" म्हणून ते अख्ख्या गल्लीला वही दाखवत फिरले. त्या आनंदात त्या दिवशीची बैठक राहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'समर्थ'.

गुरुदेव रानड्यांचा अभ्यास करायला ते गदग-होटगी मार्गावरच्या निंबाळलाही जाऊन आले. रानडे अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे तिथेच कुलगुरू. एवढा व्याप सांभाळून माणूस नामाला वेळ कुठून काढत होता, हे अप्पांना बघायचं होतं. परत आल्यावर मी विचारलं, "काय मिळालं, अप्पा?" म्हणाले, "जाताना गाडी चाळीस मिनिटं लेट. क्रॉसिंग चुकीच्या स्टेशनात दिलं रे त्यांनी."

बसण्याऐवजी चालत नाम घ्यावं, असाही एक काळ आला. त्यासाठी जागा कोणती? हुबळीचा प्लॅटफॉर्म. लांबी १५०७ मीटर, जगात सर्वांत लांब. स्टेशनाला नाव सिद्धारूढ स्वामींचं. आणि स्वामींनी तर जातपात न बघता सगळ्यांना 'ॐ नमः शिवाय' दिलं. एवढं जुळून आल्यावर आणखी काय पाहिजे? शिवाय प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, त्यामुळे साधनेची कमाल मर्यादा रेल्वेनंच ठरवून दिलेली. अप्पा गेले. पहिल्याच फेरीत जुने सहकारी भेटले. गिरमिट आलं, मिरची भजी आली, कंट्रोलच्या नव्या पोरांचा उद्धार झाला, आणि दोन तासांची मुदत संपायच्या आत बाहेर पडायची धावपळ झाली. लाइन बाजारात पेढ्याच्या रांगेत मात्र हाच माणूस निमूट उभा असतो. तिथं किती वेळ लागेल, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. अप्पांचा सल्ला फुकट जात नाही. आमच्या गल्लीत राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलं, "सकाळी चिगरी बस धारवाडहून सुटली की डोळे मिटायचे, नवनगरला उघडायचे. वेगळा वेळ काढायचाच नाही." सप्तापुरात क्लाससाठी राहिलेल्या एका पोराला दिली दहा मिनिटं, पुस्तक उघडण्यापूर्वी. निवृत्त मास्तरांना एक घटिका, पूर्ण. तिघंही नेमानं बसतात. बाईंची डोकेदुखी कमी झाली म्हणे, आणि मास्तर हल्ली घरच्यांवर ओरडत नाहीत. वेळ कमी की जास्त, यावर तिघांपैकी एकानंही डोकं चालवलं नाही. अप्पांनी सांगितलं, हे बसले, झालं. ठरवायचं ओझं दुसऱ्यानं उचललं, तर बसणं मुळात फार अवघड नसावं.

परवा न राहवून मी म्हणालो, "अप्पा, सगळ्यांना मार्गी लावलंत. आता तुम्ही कधी बसणार?"

अप्पांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"अरे, कंट्रोलरच गाडीत जाऊन बसला, तर गाड्या सोडणार कोण?"