अर्थिंग बघितलं का?

गाडी चालू होत नाही हे तुम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असतं. पार्किंगमध्ये सकाळी कुणाच्या सेल्फने नुसतं ‘टक्’ केलं, की दुसऱ्या मजल्यावरची जाळी सरकते आणि वरून प्रश्न येतो, “अर्थिंग बघितलं का?”

आमच्या सोसायटीत त्यांना अर्थिंगकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका. तुमच्याकडेही ते असतीलच, फक्त मजला वेगळा असेल. पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला तीसेक वर्षं काढली, आता निवृत्त. तीन बटणं उघडा शर्ट, खाली अर्धी विजार आणि खिशात टेस्टलॅम्प. एक बल्ब, एक होल्डर, दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा. हा टेस्टलॅम्प त्यांनी घरी बनवला आहे. तो घरी बनवला आहे हे तुम्हाला पहिल्याच भेटीत कळतं.

मी सेकंडहँड मारुती ८०० घेतली तेव्हा या गृहस्थांशी माझा संबंध जिन्यात नमस्कार करण्यापुरता होता. विकणारा म्हणाला, “डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर.” जुन्या बाजारात डॉक्टरांच्या इतक्या गाड्या असतात, की या मंडळींनी पेशंट कधी तपासले असतील कोण जाणे. गाडी एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्राचा खारा वारा अंगावर घेतलेली. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० आली, २०१४ च्या जानेवारीत शेवटची बाहेर पडली आणि मधल्या तीस वर्षांत अर्ध्या महाराष्ट्राने तिच्यावरच हात साफ करून घेतला. दोष होता डॉक्टरांच्या हौसेचा. रिव्हर्सला वाजणारी आरती, पुढे दोन जादा दिवे, रिले न लावता जोडलेला प्रेशर हॉर्न आणि मागे वूफर. डॅशबोर्डखाली वाकून बघितलं, तर शेवयांचं पातेलं उपडं झाल्यासारखं वायरिंग.

आणि लक्षणं अशी, की डावा इंडिकेटर दिला तर मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकत. ब्रेक दाबला की समोर इंडिकेटरचा हिरवा बाण उगवे. तीन दिवस गाडी उभी राहिली तर चौथ्या दिवशी बॅटरी उतरलेली.

काका खाली आले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि हुकूम सोडायला लागले. “हेडलाइट लाव. आता सेल्फ मार. दिवे पार बसले? म्हणजे बॅटरी नाही तर तिची जोडणी. दिवे तसेच राहिले असते आणि सेल्फ गप्प बसला असता, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही असं समजायचं. आता हॉर्न दे.” सकाळचे साडेसहा. मी हॉर्न दिला. डॉक्टरांचा प्रेशर हॉर्न. चार गॅलऱ्यांत माणसं आली. काका त्यांच्याकडे बघून खुशीत म्हणाले, “अर्थिंग आहे.”

मग व्याख्यान. घरात दोन वायरी लागतात, गाडीत एकच. जायला वायर, यायला गाडीचा पत्रा. बॅटरीचा मायनस पत्र्याला आणि इंजिनला बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे कुठलाही बल्ब पत्र्याला टेकवला की त्याचं भागतं. पण इंजिन बसवलेलं असतं रबरी माउंटिंगवर. त्याला स्वतंत्र पट्टी लागते. ती पट्टी गंजली की सेल्फचा एवढा मोठा करंट परत कुठून येणार? तो क्लचच्या नाही तर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल हात लावू नये इतकी तापते. मागच्या दिव्यांचं तेच. ब्रेकच्या बल्बला पत्र्यात उतरायला जागा नसेल, तर तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो. म्हणून तुम्ही ब्रेक दाबता आणि बाण उगवतो.

हे सगळं बरोबर आहे. चीड येते ती त्याचीच. माणूस चुकीचं बोलत असता तर त्याला टाळता तरी आलं असतं.

पण बरोबर असण्याचीही एक हद्द असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर चालू होईना. काकांचं निदान ठरलेलं. काकूंच्या मुलाने टाकीचं झाकण उघडलं तर आत पेट्रोलचा थेंब नाही. बाटलीतून आणून ओतलं आणि स्कूटर पहिल्या किकला चालू. काका शांतपणे म्हणाले, “पेट्रोल ओतताना गाडी हलली. अर्थिंग लागलं.”

लिफ्ट अडकली, अर्थिंग. गणपतीत माइक घुमायला लागला, अर्थिंग. (तो खरंच अर्थिंगचाच घोळ होता. पण तोवर कुणी मोजत नव्हतं.) चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याचं पटेना, सून माहेरी गेली, तेव्हाही काकांनी जिन्यात मान हलवून तोंड उघडलं होतं. “दोघांचं कुठेतरी...” एवढंच बाहेर पडलं, आणि आतून त्यांची बायको ओरडली, “तुम्ही आत या आधी!” स्वतः काकांना मधुमेह आहे, पायाला मुंग्या येतात, तर रोज सकाळी अनवाणी चालतात. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून बजावलं आहे. पूर्वी सोसायटीच्या हिरवळीवर चालायचे. मग सेक्रेटरींनी सुशोभीकरण काढलं आणि तिथे प्लॅस्टिकची हिरवळ आली. “प्लॅस्टिकवर कसलं डोंबलाचं अर्थिंग!” म्हणून काका आता कर्दळीच्या वाफ्यातून चालतात आणि माळी त्यांच्या मागून.

शेवटी मी नाना पेठेतून एक वायरिंगवाला आणला. पोरगा तेवीस-चोवीसचा, कमी बोलणारा. काका आधीच खाली येऊन उभे. पोराने मल्टिमीटर काढला आणि काकांचा चेहरा पडला. काकांकडेही मल्टिमीटर आहे, तपकीर गल्लीतून आणलेला, पण तो कपाटात असतो. “मीटर खोटं बोलतं, बल्ब बोलत नाही,” हा त्यांचा सिद्धांत. पोराने हसून माझ्याकडे बघितलं. काकांनी त्याला तिथेच धडा दिला. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरली असली, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतं, कारण मीटरला करंट लागतच नाही म्हटलं तरी चालेल. बल्बला लागतो. त्या एका तारेवर बल्ब लावला की तो पेटत नाही आणि चोरी पकडली जाते.

“काका, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय,” पोरगा म्हणाला.

“उजेड कशाला पाहिजे? अर्थिंग चाचपून कळतं.”

पोराने बॅटरीचा मायनस सोडवला आणि मधे मीटर लावला. किल्ली काढलेली, दारं बंद, तरी अर्धा ॲम्पियर चालला होता. चांगल्या गाडीत पन्नास मिलिॲम्पियरच्या आत असावा. पस्तीस अवरची बॅटरी, अर्ध्या ॲम्पियरने सत्तर तास. माझे तीन दिवस असे वहीतल्या गणितासारखे सुटले. मग तो एकेक फ्यूज उपटायला लागला. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. मीटरचा आकडा हलेना. म्हणजे चोर फ्यूज बॉक्सच्या अलीकडे होता. बॅटरीवरून थेट निघालेली एक जाड वायर गालिच्याखालून मागच्या सीटखाली गेली होती. डॉक्टरांनी गाडी विकताना वूफर काढून नेला, ॲम्प्लिफायर विसरले. तो बिचारा रात्र रात्र जागा होता.

“बघा,” मी काकांना म्हणालो. आवाजात थोडा विजय होता, तो मी लपवला नाही.

काकांनी सीटखाली मान घातली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग आतूनच आवाज आला, “ह्याचं अर्थिंग कुठे दिलं होतं रे?”

दिव्यांचं भूत मात्र गेलं नव्हतं. डिकी उघडून मागच्या दिव्यांची काळी वायर धरत गेलो, ती पत्र्यावर एका स्क्रूपाशी संपत होती. स्क्रू घट्ट होता, वायर शाबूत होती. पोराला काही सापडेना. काकांनी पार्किंगच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं. सत्तरीच्या पुढचा, साखरेचा, गुडघे गेलेला माणूस गुडघ्यांवर बसला, डिकीत कमरेपर्यंत शिरला आणि नखाने तो स्क्रू खरवडला. मग हात बाहेर काढून पॉलिश पेपर मागितला. गाडीचं कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. पेंटरने पत्रा रंगवला, आणि ओल्या रंगावरच स्क्रू परत बसवला. दिसायला सगळं जागच्या जागी, मधे रंगाचा थर, करंटला वाट बंद. काकांनी चांदी चमकेपर्यंत पत्रा घासला, वायर बसवली, वर पेट्रोलियम जेली फासली आणि म्हणाले, “ब्रेक दाब.” मागचे दिवे नीट लागले. समोरचा बाण उगवला नाही.

वायरिंगवाल्याने पैसे घेतले. काकांनी तो रंगवलेला स्क्रू मागून घेतला. तो आता त्यांच्या टीव्हीखाली वाटीत असतो आणि पाहुण्यांना दाखवला जातो. आमच्या घरी परवा आलेल्या मेव्हण्यालाही दाखवून झाला.

मला नंतर लक्षात आलं, की या माणसाकडे स्वतःची गाडीच नाही. होती, प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. डोळ्यांनी दगा दिल्यावर विकली. त्यांची पार्किंगची जागा रिकामी आहे. भाड्याने द्या म्हणून सोसायटीतले तिघे मागे लागले, तर म्हणाले, “नको, कुणाची गाडी बघायची झाली तर जागा लागते.” मोठ्या वर्कशॉपमध्ये हल्ली स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. स्क्रीनवर एक कोड येतो, आणि काउंटरवरचा मुलगा न वाकता सांगतो, “सर, मॉड्यूल बदलावं लागेल.” त्याचंही निदान एकच असतं. फरक इतकाच, की त्याच्या एका शब्दाला वीस हजार पडतात आणि त्याची पॅन्ट मळत नाही.

जुनी गाडी घ्यायला निघाला असाल, तर काकांकडून ऐकलेलं सांगतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या लोखंडावर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर भाव पाडून मागा. डॉक्टरांची गाडी असेल तर आणखी पाडा.

तर, गेल्या उन्हाळ्यात पाचव्या मजल्यावरच्या तरुणाने इलेक्ट्रिक कार घेतली. पेढे वाटले, हार घातला, चार्जर पार्किंगमधल्या सॉकेटला लावला. लाल दिवा. काढून परत लावला. लाल दिवा. कंपनीचा माणूस आला, त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं, “गाडी ओके, चार्जर ओके. तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाहीये. अर्थिंग मिळाल्याशिवाय चार्जर करंट सोडत नाही.”

पार्किंगमध्ये शांतता पसरली. एकेक मान दुसऱ्या मजल्याकडे वळली. जाळी आधीच सरकलेली होती.

काका सावकाश खाली आले. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ गेटजवळ गेले आणि पेव्हर ब्लॉकवर एका जागी चपलेचा अंगठा टेकवला. तिथे खाली सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ आणि कोळसा घालून पुरलेली पट्टी, तिच्यावर चेंबर. खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं, माती कोरडी पडली की तो कुचकामी होतो. प्लॅस्टिकच्या हिरवळीबरोबर पेव्हर ब्लॉक आले तेव्हा चेंबरचं झाकण त्यांच्याखाली गेलं. काकांनी तेव्हा सोसायटीला पत्र दिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यातही दिलं होतं. दोन्ही पत्रं ऑफिसातल्या ‘इतर’ नावाच्या फाइलमध्ये सापडली, पोच म्हणून शिक्क्यासकट.

कमिटीच्या दोन सभा झाल्या. खड्डा उघडायचा यावर एकमत आहे. पेव्हर ब्लॉक काढायचा खर्च सुशोभीकरण फंडातून की दुरुस्ती फंडातून, यावर नाही. सेक्रेटरींनी तीन कोटेशनं मागवली आहेत. पाचव्या मजल्यावरचा मुलगा गाडी ऑफिसात चार्ज करून आणतो. काका रोज संध्याकाळी ब्लॉकांच्या फटीतून बादलीभर पाणी ओततात, आणि पाण्याचा अपव्यय केल्याबद्दल सोसायटीने मागच्या आठवड्यात त्यांना नोटीस दिली आहे.