छाटणीचा मुहूर्त

पुण्यात पाऊस सरून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आकाश निरभ्र झाले, की गुलाबाच्या छाटणीचा हंगाम उभा राहतो आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या घरात अहिंसेचा प्रादुर्भाव होतो. कात्री घेऊन मी अंगणात उतरतो न उतरतो, तोच सौभाग्यवतींकडून तहकुबीची दरखास्त दाखल होते: झाडावर फुले असली तर "देवाला लागतात", कळ्या असल्या तर "हात तरी कसा धजतो तुमचा?", नुसती पाने असली तर "इतकं हिरवंगार झाड!", आणि पानेही झडली असली तर "बिचारं आधीच खंगलंय"; सारांश, छाटणीस पात्र ठरावे अशी झाडाची एकही अवस्था त्यांच्या दप्तरी नमूद नाही.

वास्तविक वनस्पतींचा कारभार चोख असतो. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून ती फूट निघण्यापूर्वीच जुन्या फांद्यांचा निकाल लावावा; कुंद ऐन थंडीत फुलतो, त्यास बहर ओसरेपर्यंत मुदत द्यावी. गुलाबाच्या वाळक्या, रोगट आणि आत वळून एकमेकींत घुसलेल्या फांद्या समूळ काढून, उरलेल्या निरोगी फांद्या बाहेरच्या अंगाच्या डोळ्यापासून पाव इंच वर तिरप्या कापाव्यात, म्हणजे झाडाच्या पोटात वारा-ऊन खेळते. कापावर बोर्डो पेस्ट लावावी. आणि कलमाच्या जोडाखाली खुंटातून उगवून जो रानटी फुटवा गुलाबाच्या वतनावर परस्पर हक्क सांगू लागतो, त्याला तत्काळ बेदखल करावे. (आमच्या शेजारी याच फुटव्याला, सर्वांत जोमदार म्हणून, खास खत मिळते.)

मोगऱ्याची तऱ्हा याहून कठोर. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा, पाने खुडावीत, छाटणी करावी, आणि मगच खत-पाणी सुरू करावे, तेव्हा कुठे उन्हाळ्यात तो कळ्यांनी लगडतो. आधी उपाशी ठेवून मग कापण्याच्या या पद्धतीस आमच्या मातोश्रींनी जे विशेषण बहाल केले, ते छापण्याजोगे नाही. चैत्रातला पहिला गजरा मात्र त्यांनीच देवीसाठी राखून ठेवला.

तेव्हा वाचकहो, कौटुंबिक संमतीची वाट पाहू नये. घरची मंडळी दुपारी लवंडली, की काम उरकावे. मात्र कात्रीला आदल्या दिवशीच धार लावून ठेवावी, कारण बोथट कात्रीने फांदी चिरडते, आणि आवाजही फार होतो.