टाळ्या रोख, मत उधार
मंठ्यातल्या जुन्या मनसैनिकाला राजसाहेबांचं भाषण आजही गोड लागतं. भरवसा तेवढा आटला. २०१४ला मोदींना पाठिंबा, २०१९ला त्यांच्याच विरोधात ‘लाव रे तो व्हिडिओ’, २०२४च्या पाडव्याला त्यांनाच पुन्हा बिनशर्त पाठिंबा, २०२५ला उद्धवरावांच्या गळ्यात गळा. मधे २०२०ला झेंडाच बदलला. जुने झेंडे सोयाबीनच्या पोत्यांवर गेले. (कापड टिकाऊ होतं, हे मान्य.) आमदार २००९चे तेरा, मग एक, पुन्हा एक, शेवटी भोपळा. तेरांतला कन्नडचा तर शिवसेनेत गेला. त्याला तरी कोणत्या तोंडानं नावं ठेवणार? आता मोबाइलवर साहेब कडाडले, की पोरं आधी विचारतात, ‘कोणत्या सालचं हाय?’