गळा काढणारा शेजारी

समालोचकानं तटस्थ राहावं, आवाज आटोक्यात ठेवावा आणि चेंडू कुठं आहे तेवढं सांगावं, असा नियम आहे. तो इमानेइतबारे पाळणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. अर्जेंटिनातल्या फुटबॉलवेड्यांना मात्र समालोचक व्हिक्टर उगो मोरालेस तोंडपाठ आहेत.

२२ जून १९८६. विश्वचषकाचा सामना, मेक्सिकोचं अझ्टेका स्टेडियम, समोर इंग्लंड. अर्जेंटिनाच्या मॅराडोनानं आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि आडवा येईल त्याला चकवत गोल केला. रेडिओवर मोरालेसनी त्याला ‘वैश्विक पतंग’ ठरवलं, कुठल्या ग्रहावरून आलास अशी चौकशी केली, देवाचे आभार मानले आणि खुशाल रडले.

गंमत म्हणजे गृहस्थ जन्मानं उरुग्वेचे. सहाच दिवसांपूर्वी याच अर्जेंटिनानं उरुग्वेला १-० हरवून घरी पाठवलं होतं. घरचं सुतक फिटायच्या आत गडी शेजाऱ्याच्या वरातीत नाचत होता!

इंग्लंडविरुद्धच्या त्या गोलाआधी चारच मिनिटं मॅराडोनाचा हाताचा गोल झाला होता. मोरालेसनी त्यावरही जीव तोडून आरोळी ठोकली आणि लगेच हा हातानं मारलाय असंही सांगून टाकलं. पंचांना जे दिसलं नाही ते रेडिओवाल्याला दिसलं.

अप्रिय सत्य सांगायचंच असेल, तर आधी बेंबीच्या देठापासून जल्लोष करावा. मग लोक तेही गोड मानून घेतात.